राज्याचा फेरफार

गेल्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, नागभीडकडच्या एका गावातून एक म्हातारे कास्तकार माझ्याकडे आले. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेले कागद त्यांनी टेबलावर एकेक करून मांडले. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. दिवाणी आणि महसुली कामे, म्हणजे शेवटी जमिनीचीच. जुने कागद पाहायची सवय आहे, पण दीड एकर बांधीसाठी, म्हणजे धानाच्या वावरासाठी, इतक्या राजवटींचे कागद एका पोत्यात मी पहिल्यांदाच पाहिले.

सगळ्यात जुना कागद मालगुजाराच्या, म्हणजे इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या, दिवाणजीच्या हातचा. झुडपे तोडून बांधी काढायला परवानगी, आणि त्याबद्दल घेतलेल्या नजराण्याची पोच. त्याच्यानंतरचा उतारा जुन्या मध्य प्रदेशच्या काळातला, निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या चराई-सरपणाच्या हक्कांच्या, नोंदीचा. मग महाराष्ट्राचा सातबारा, त्यावर दोनच शब्द: 'झुडपी जंगल'. आणि सगळ्यात वर, नव्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर, अतिक्रमण का काढू नये याची नोटीस.

"राज बदललं तं बदललं वकीलसाहेब," ते म्हणाले, "पन बांधी तं आमी नाही बदलली ना जी?"

महसुली कामात वकिलाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट पाठ होते. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि फेरफार नोंदीने मालकी जातही नाही. बाप वारला, मुलाचे नाव चढले. जमीन तीच, धुरे तेच, आणि बापाने करून ठेवलेले देणेही तेच. मग फेरफार राज्याचाच झाला तर? मालगुजारी गेली, इंग्रज गेले, नागपूरची राजधानी गेली, मध्य प्रदेश तुटला, मुंबई आली. ह्या नव्या वारसाला आधीच्या धन्याचे शब्द बांधील असतात की नसतात? हा प्रश्न तलाठ्याच्या दप्तरात सुटत नाही, कारण तो मुळात आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रश्न आहे. ऐकायला मोठे वाटते. जिनिव्हा, न्यूयॉर्क, हेग. पण ह्या कायद्याचा एक फार महत्त्वाचा निकाल शेतकऱ्यांच्याच जमिनीवर, आणि तोही अर्धवट राहिलेल्या नोंदीवरून लागलेला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

पहिले महायुद्ध संपले. जर्मनीचा पूर्वेकडचा काही मुलूख पोलंडला मिळाला. त्या मुलखात प्रशियाच्या सरकारने आधीच्या काही दशकांत जर्मन शेतकरी आणून बसवले होते. हेतू अगदी उघड होता: पोलिश लोकांची संख्या झाकून टाकायची. जमिनीचे करार झालेले, हप्ते चालू, घरे बांधलेली, पण अनेकांची शेवटची नोंद जमिनीच्या दप्तरात व्हायची राहिली होती. १९२० मध्ये पोलंडने कायदा केला आणि ज्यांची नोंद ११ नोव्हेंबर १९१८ च्या आत, म्हणजे युद्धबंदीच्या आत, पक्की झाली नव्हती त्यांचे करार मानायला नकार दिला. प्रकरण तेव्हाच्या राष्ट्रसंघातून (लीग ऑफ नेशन्स) हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सल्ल्यासाठी गेले. १० सप्टेंबर १९२३ रोजी न्यायालयाने सांगितले की सार्वभौमत्व बदलले म्हणून आधीच्या कायद्याखाली मिळालेले खाजगी हक्क संपत नाहीत. ज्या सरकारने ते हक्क दिले त्याचा हेतू राजकीय होता, एवढ्यानेही ते संपत नाहीत.

पोलंडची बाजूही समजून घ्यायला हवी. परक्यांनी आपल्या छातीवर आणून बसवलेली माणसे, आणि स्वतंत्र झाल्यावर त्यांचेच करार पाळायचे! राग यायचाच. पण न्यायालयाने राग बाजूला ठेवून एवढेच पाहिले की नांगर कोणाच्या हातात आहे आणि त्याच्या हातातला कागद त्या वेळच्या कायद्याने खरा होता का.

आता आपल्याकडे या.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारताने जगाला काय सांगितले? आम्ही नवे नाही, आम्हीच जुने. संयुक्त राष्ट्रसंघात भारत १९४५ पासून सदस्य होता, ती खुर्ची आपल्याकडे राहिली. पाकिस्तानला नवा सदस्य म्हणून अर्ज करावा लागला आणि सप्टेंबर १९४७ अखेरीस प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतही आपले नाव १९१९ पासूनचे. वारसाहक्काची ही बाजू आपण अगदी चोख लावली. घटनेतही अनुच्छेद ३७२ ने इंग्रजांचे कायदे जसेच्या तसे चालू ठेवले. आणि अनुच्छेद ५१ मध्ये लिहिले की राज्य आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आणि करारांच्या बंधनांबद्दल आदर वाढवण्याचा प्रयत्न करील. 'प्रयत्न करील' हे शब्द लक्षात ठेवा. हे अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत बसते, म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. ओट्यावर पाहुण्याला पाट दिला, पण स्वयंपाकघरात यायचे नाही.

पहिली परीक्षा लवकरच आली. बुंदेलखंडातल्या दोन संस्थानिकांनी १९४८ च्या सुरुवातीला, विलीनीकरणाच्या तोंडावर, काही गावे इनाम दिली होती. पुढे ती गावे उत्तर प्रदेशात गेली आणि १९५२ मध्ये त्या सरकारने इनामे रद्द केली. सरकारचे म्हणणे असे की नवे राज्य आल्यावर जुन्या राजाचे शब्द पाळायचे की नाही ही आमची मर्जी, ही 'राज्यकृती', आणि कोर्टाने यात बोलू नये. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे नाकारले. निकाल लिहिला होता न्या. विव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या निकालाचा सारांश असा की २६ जानेवारी १९५० ला ह्या देशातला प्रत्येक माणूस नागरिक झाला, आणि स्वतःच्या नागरिकाविरुद्ध राज्य विजेत्यासारखे वागू शकत नाही. राज्यकृती परक्यावर होते, घरच्यावर नाही. इनामदार काही गरीब नव्हते हे मला माहीत आहे. पण श्रीमंताच्या खटल्यात लागलेले तत्त्व उद्या गरिबाच्या कामी येते, म्हणून ते जपायचे असते.

ते जपले गेले नाही. १९६४ मध्ये गुजरातेतल्या संत संस्थानाच्या जंगलाचे प्रकरण सात न्यायाधीशांपुढे आले. राजाने विलीनीकरणाच्या काही दिवस आधी जहागीरदारांना गावच्या जंगलाचे पूर्ण हक्क दिले होते, ठेकेदारांनी लाकूड विकत घेतले होते, मुंबई सरकारने ते अडवले. बहुमताने निकाल सरकारच्या बाजूने गेला आणि बोस यांचा निकाल मोडीत निघाला. नवे राज्य मान्य करील तेवढेच जुने हक्क खरे. ह्या बहुमतात न्या. हिदायतुल्ला होते, तेही नागपूर हायकोर्टाचेच माजी मुख्य न्यायाधीश. न्या. सुब्बाराव यांचे मत वेगळे पडले.

मला ह्या निकालातली सगळ्यात टोचणारी गोष्ट ही, की ज्या 'राज्यकृती'च्या सिद्धांतावर तो उभा आहे तो प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, कंपनी सरकारसाठी घडवलेला आहे. तंजावर खालसा झाले तेव्हा तिथल्या राणीला कोर्टात हेच उत्तर मिळाले. डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा केले, त्यामागची वृत्ती हीच. आम्ही जिंकले, आता आमच्या मर्जीवर. इंग्रज गेले, पण त्यांचे हे हत्यार आम्ही धार लावून ठेवले, आणि चालवले कोणावर तर स्वतःच्याच नागरिकांवर.

त्याच वेळी, आठवून पाहा, संस्थानिकांशी केलेल्या करारांचे काय झाले? त्यांचे तनखे घटनेतच लिहिले गेले आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीपर्यंत दिले गेले. राजाला दिलेला शब्द बावीस-तेवीस वर्षे पाळला, आणि राजाने दिलेला शब्द मात्र नव्या सरकारच्या मर्जीवर. खुर्चीपुरते आम्ही वारस, देण्यापुरते आम्ही परके. एखाद्या पोराने बापाचे वावर नावावर करून घेतले आणि सोसायटीचे कर्ज मात्र 'ते बाबांचे होते' म्हणून झटकले, तर आपण त्याला काय म्हणू?

इथे वकील म्हणून एक खुलासा करायला हवा. माझ्या पक्षकाराचे प्रकरण ह्या निकालात नेमके बसत नाही. आमचा चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा संस्थान नव्हते, ब्रिटिश मुलूख होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली ती कायद्याने गेली, युद्धाने नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तोही संसदेच्या कायद्याने. पण वृत्ती कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच आहे. 'झुडपी जंगल' ही जुन्या मध्य प्रदेशातली नोंद, प्रत्यक्षात गुरे चारायची, काटक्या आणायची पडीक जागा. ती महाराष्ट्राच्या दप्तरात जशीच्या तशी उतरली, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 'जंगल' ह्या शब्दाला कायद्याचे दात आले. २२ मे २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, जे स्वतः अमरावतीचे, यांच्या पीठाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन वनच असल्याचा निकाल दिला, आणि १९९६ च्या त्या तारखेआधी झालेली वाटपे नियमित करायची वाट ठेवली. वाट ठेवली हे चांगले झाले. पण वाटप कोणी केलेले? सरकारने. मालगुजाराच्या दिवाणजीने लिहिलेल्या कागदाचे काय, ह्या प्रश्नावर माझे काम अडले आहे. दोन राजवटींच्या मधल्या फटीत माणूस कसा अडकतो ते पाहायला पोलंडपर्यंत जायची गरज नाही.

माझे म्हणणे आता सरळ मांडतो. राजवट बदलते तो क्षण कोणत्याही देशाच्या कायद्यात सगळ्यात धोक्याचा असतो, कारण नवे राज्य स्वतःच पक्षकार असते आणि स्वतःच न्यायाधीश. त्या क्षणी दोन्ही राजवटींकडे बाहेरून पाहणारा एकच कायदा असतो, तो आंतरराष्ट्रीय. म्हणून त्याला देशाच्या कायद्यात आदराचे नव्हे, हक्काचे स्थान हवे. आणि ते स्थान बदल होतानाच लिहून घ्यावे लागते. नंतर कोणी देत नाही.

आपल्याला अशी दुसरी संधी १९७७ मध्ये आली होती. आणीबाणीत अटकेतल्या माणसाला कोर्टात जाता येते का, ह्या प्रश्नावर एप्रिल १९७६ मध्ये पाचपैकी चार न्यायाधीश 'नाही' म्हणाले. एकटे न्या. ह. रा. खन्ना 'हो' म्हणाले. त्यांच्या त्या निकालाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातला एक धागा सहसा कोणी उचलत नाही. खन्नांनी अनुच्छेद ५१ आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेतला होता. त्यांचा नियम साधा होता. देशाचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांत उघड विरोध असेल तर कोर्टाने देशाचा कायदा पाळावा. पण देशाच्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील, तर जो आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळतो तो घ्यावा. ह्यात कोणाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागतो? मला तरी दिसत नाही. त्या बहुमताचा निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये, खाजगीपणाच्या खटल्यात, स्पष्ट सांगून टाकले.

जनता सरकार आले. ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. एप्रिल १९७९ मध्ये भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. सगळे कसे जुळून आल्यासारखे वाटते. पण स्वीकारताना आपण एक तळटीप जोडली: बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाई मिळण्याचा हक्क आम्हाला मान्य नाही. नुकतीच आणीबाणी भोगून आलेल्यांचे हे सरकार, आणि तेही भरपाईच्या नावाने हात आखडते. पुढे १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात ह्याच कराराच्या आधाराने भरपाई दिली आणि ती तळटीप जवळजवळ निकामी केली, ही गोष्ट वेगळी. त्याच ४४ व्या दुरुस्तीतला प्रतिबंधात्मक अटकेवर बंधन घालणारा भाग आजपर्यंत लागूच झालेला नाही. संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही झाली, फक्त तारीख पडली नाही. आमच्या कोर्टातल्या तारखांबद्दल लोक उगाच बोलतात.

त्या कराराचे अकरावे कलम विदर्भातल्या प्रत्येक गावात भिंतीवर रंगवून ठेवावे असे आहे. कराराने आलेले देणे फेडता येत नाही, एवढ्याच कारणाने कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. हे कलम आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. म्हणजे जगातल्या देशांनी बसून ठरवले की छळापासून संरक्षण जितके पक्के, तितकेच पक्के कर्जदाराला तुरुंगापासून संरक्षण. १९८० मध्ये केरळातले एक प्रकरण सुप्रीम कोर्टात आले. बँकेचे कर्ज, हुकूमनामा, आणि दिवाणी कायद्याखाली ऋणकोच्या अटकेचे वॉरंट. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. करार आपोआप आपला कायदा होत नाही, हे त्यांनी मान्य केले. पण दिवाणी कायद्याचा अर्थ कराराच्या उजेडात लावला. नुसते पैसे नाहीत म्हणून अटक नाही. पैसे असून दडवले, लबाडी केली, तरच. पुढे सरकारने संहिता बदलायला हवी होती. कोर्टाने अर्थ लावून दिला, तेवढ्यावरच आपण थांबलो.

ह्याचा परिणाम तालुक्यात दिसतो. सहकारी पतसंस्थेकडून 'एकशे एकची नोटीस', म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची वसुलीची नोटीस, येते. वसुली महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, आणि महसूल कायद्यात थकबाकीदाराच्या अटकेची तरतूद अजून बसलेली आहे. माझ्या पाहण्यात कोणा कास्तकाराला तीखाली आत टाकलेले नाही. टाकायची गरजच पडत नाही. वसुलीवाला बैठकीत बसून, पान लावत, सहज बोलून जातो: जेलात जायचंय का? बाई आतून ऐकते. त्या रात्री त्या घरात काय होते हे यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या लोकांना मी सांगायला नको. अकरावे कलम त्या बाईला माहीत नाही, वसुलीवाल्याला माहीत नाही, आणि खरे सांगायचे तर वकील झाल्यावर पहिली दहा वर्षे मलाही माहीत नव्हते.

दक्षिण आफ्रिकेने हे वेगळ्या रीतीने केले. वर्णभेदाचे राज्य संपले आणि १९९६ ची घटना झाली, तेव्हा तिच्या ३९ व्या कलमात लिहिले गेले की हक्कांचा अर्थ लावताना कोर्टाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे. इतर देशांचे कायदे मात्र वाटल्यास घ्यावेत. 'घेतलाच पाहिजे' आणि 'वाटल्यास' ह्या दोन शब्दांतले अंतर तिथल्या लोकांनी जाणून मोजलेले आहे. ज्या राज्याने स्वतःच्या संसदेतून, रीतसर मतदान करून, माणसांना कातडीच्या रंगावरून हाकलण्याचे कायदे केले, त्या राज्याच्या नागरिकांना देशी कायद्यावर एकट्यावर भरवसा ठेवणे परवडणारे नव्हते. अर्जेंटिनानेही लष्करी राजवटीनंतर १९९४ मध्ये मानवी हक्कांचे करार थेट घटनेच्या पातळीवर नेऊन बसवले.

आणि शेजारी पाहा. नेपाळात १९९० मध्ये पंचायत व्यवस्था गेली आणि त्याच वर्षाच्या आंतरराष्ट्रीय करारांविषयीच्या कायद्यात, नवव्या कलमात, लिहिले गेले की संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराशी देशाचा कायदा विसंगत असेल तर तेवढ्यापुरता करार चालेल. आपल्यापेक्षा किती पुढे! पण तिथल्या यादवी युद्धात बेपत्ता झालेल्यांची घरची माणसे २००६ च्या शांतता करारानंतरही वर्षानुवर्षे आयोगांच्या दारात बसून आहेत. म्हणून मी कलमाच्या प्रेमात पडत नाही. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पडले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तिथल्या अंतरिम सरकारने माणसे गायब करण्याविरुद्धचा करार स्वीकारला. आपण त्याच करारावर २००७ मध्ये सही केली आहे आणि तो पक्का मात्र अजून केलेला नाही. छळाविरुद्धच्या करारावरची सही १९९७ ची, तोही तसाच. देसाईगंज माझ्या गावापासून फार दूर नाही. तिथल्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर काय झाले आणि सुप्रीम कोर्टाने आरोपी पोलिसांना कसे सोडले, हे साऱ्या देशाला माहीत आहे. त्या संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला. तो बदल कोणत्या करारामुळे झाला नाही. बाया रस्त्यावर उतरल्या म्हणून झाला.

हाच मुद्दा पुढे करून माझे काही मित्र म्हणतात की मग करारांचे एवढे कौतुक कशाला? आमच्याकडे काय कमी कायदे आहेत? त्यात एक मित्र वऱ्हाडातला, दर्यापूरकडचा, इतिहासाचा पक्का. तो म्हणतो, तुझा आंतरराष्ट्रीय कायदा आम्ही पाहून घेतला आहे. १८५३ मध्ये निजाम आणि कंपनी यांच्यात करार झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड गहाण पडले. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर ते कायमचे इजाऱ्याने घेतले. दोन्ही वेळा सही-शिक्का सगळे रीतसर. वऱ्हाडातल्या एकाही कुणब्याला कोणी विचारले? करार म्हणजे दोन मोठ्यांनी मिळून तिसऱ्याचे वावर वाटून घेणे.

ह्या आक्षेपापुढे माझे तोंड बंद होते, आणि व्हायलाच हवे. कारण तो जुना झालेला नाही. १५ एप्रिल १९९४ ला माराकेशमध्ये जागतिक व्यापार कराराचे दस्तऐवज सही झाले. त्यात शेतीचा करार होता. शेती हा आपल्या घटनेत राज्यांचा विषय. संसदेत आधी मतदान झाले नाही, विधानसभांना कोणी विचारले नाही. आणि अनुच्छेद २५३ असा आहे की आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे मंत्रिमंडळाने बाहेर सही करून यायचे, आणि त्या सहीच्या जोरावर आत राज्याच्या कुंपणात शिरायचे. करार कसे करावेत याबद्दल कायदा करायचा अधिकार घटनेने संसदेला पहिल्या सूचीच्या चौदाव्या नोंदीने दिला आहे. पंचाहत्तर वर्षे झाली, तो कायदा झालेला नाही. कोणत्याच पक्षाच्या सरकारला तो नको असतो. हा एक विषय असा आहे की त्यावर सगळे एकमत आहेत.

म्हणून मला दोन्ही गोष्टी एकदम हव्या आहेत, एक घेऊन दुसरी सोडायची नाही. माणसाच्या हक्कावर, राज्यांच्या विषयावर परिणाम करणारा करार पक्का करण्याआधी संसदेत मंजूर झाला पाहिजे, आणि शेती-जंगल-पाण्याचा असेल तर विधानसभेत चर्चा होऊन गेला पाहिजे. मराठीत छापून, वाटून. आणि एकदा असा मंजूर झाला, की मग खन्नांचा नियम कायद्यात लिहिलेला हवा: दोन अर्थ निघाले तर कराराशी जुळणारा घ्या. त्यासाठी घटनादुरुस्तीसुद्धा नको. कायद्यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारा १८९७ चा सामान्य वाक्खंड अधिनियम आहे, त्यात एक कलम वाढवले की पुरे. तिसरी गोष्ट मात्र घटनेतच हवी, की स्वतःच्या नागरिकाविरुद्ध राज्यकृतीचा बचाव चालणार नाही. बोस यांनी सत्तर वर्षांपूर्वी लिहिलेले परत आणायचे, एवढेच.

आज कोणती राजवट बदलते आहे, मग आत्ताच हे कशाला, असे कोणी विचारील. राजवट बदलते ती दर वेळी झेंडा उतरवूनच बदलते असे नाही. जिल्हा तुटतो, जमीन महसुलाकडून वनखात्याकडे जाते, धरणाखालचे गाव दुसऱ्या तालुक्यात उठून जाते. वेगळ्या विदर्भाची मागणी आपण इतकी वर्षे करतो आहोत. उद्या ते झाले तर आज मुंबईच्या सहीने मिळालेले पट्टे त्या राज्यात कसे मोजले जातील, ह्यावर मी अजून एकही भाषण ऐकलेले नाही.

करार आणि माणसे यांचे नाते खरे कसे असते ते पाहायचे तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात जावे. भारताने आदिवासींविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ वा करार १९५८ मध्ये पक्का केला. त्यात लिहिले आहे की हे समाज ज्या जमिनी परंपरेने वापरतात त्यावरची त्यांची वैयक्तिक किंवा सामूहिक मालकी मान्य करावी. १९५८! त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे वनखाते लोकांना त्यांच्याच जंगलात चोर धरत राहिले. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला, आणि त्याच्या प्रस्तावनेत राज्याने स्वतः कबूल केले की अन्याय वसाहतीच्या काळात झाला तसाच स्वतंत्र भारतातही झाला. राज्य आपल्याच फेरफाराची चूक लेखी कबूल करते असे फार थोडे दस्तऐवज असतील. २००९ मध्ये मेंढा-लेखा आणि मर्दा ह्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, देशात सगळ्यात आधी. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारे मेंढ्याचे लोक त्याआधी वीसेक वर्षे ग्रामसभेत बसून, अभ्यास गट करून, जंगल मोजत होते. त्यांच्या हातात १९५८ चा कागद कोणी दिला असता तर? काम सोपे झाले असते असे मी म्हणत नाही. पण वनरक्षक दारात आला तेव्हा त्याला सांगायला एक जास्तीचे वाक्य असते, आणि ते वाक्य देशाने स्वतः जगापुढे उच्चारलेले असते.

माझ्या म्हाताऱ्या पक्षकाराचे उत्तर आम्ही दाखल केले. त्यात मालगुजाराचा कागद लावला, निस्ताराचा उतारा लावला, आणि धीर करून १९२३ चा तो हेगचा सल्लाही दोन परिच्छेदांत घातला. साहेबांनी तो वाचला की नाही माहीत नाही. पुढची तारीख मिळाली. बाहेर, झाडाखाली चहा घेताना, मी त्यांना ती पोलंडची गोष्ट सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, तिकडे धान होते का. मी म्हटले, नाही बाबाजी, बटाटे आणि गहूसारखे काही.

"मंग त्याईची जमीन भेटली का वापस?"

"बहुतेकांना नाही," मी म्हणालो. "निकाल येईस्तोवर पुष्कळांना उठवून टाकले होते. नंतर सरकारने पैसे दिले."

"एकरी किती?"

मला सांगता आले नाही. त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला, कागद परत पोत्यात गुंडाळले, सगळ्यात जुना मधोमध, आणि साडेतीनची नागभीडची गाडी धरायला निघाले.